रत्नाचे पाणी आणि पैलूंचे गणित

१८१८ साली पेशवाईचा अस्त झाला आणि त्र्यंबकेश्वराच्या देवस्थानाशी ज्याचे नाव जोडले जाते, तो प्रसिद्ध हिरा इंग्रजांच्या हाती जाऊन लंडनला पोहोचला. 'नाशिकचा हिरा' या नावाने तो आजही जगभर ओळखला जातो. लंडनला पोहोचला तेव्हा जुन्या मापाने त्याचे वजन सुमारे ९० कॅरट होते. तेथील जवाहिऱ्यांनी तो विकत घेतला आणि त्याचे पैलू नव्याने पाडून घेतले, तेव्हा वजन ७८ कॅरटच्या आसपास उतरले. पुढे १९४० मध्ये न्यूयॉर्कचे जवाहिरे हॅरी विन्स्टन यांनी तो आणखी एकदा घडवून घेतला आणि त्याला पायऱ्यापायऱ्यांचा चौकोनी घाट दिला. त्यानंतर त्याचे वजन राहिले ४३.३८ कॅरट. एक कॅरट म्हणजे २०० मिलिग्रॅम. ज्या व्यवसायात रतीरतीचा हिशेब ठेवला जातो, त्या व्यवसायातील जाणकारांनी एका अमोल हिऱ्याचे निम्म्याहून अधिक वजन जाणूनबुजून का गमवावे, असा प्रश्न साहजिकच पडतो. रत्नाचे तेज कशात असते, याचे उत्तर या प्रश्नात दडलेले आहे.

कोहिनूरची कथाही याच मार्गाने जाते. १८५१ च्या लंडनमधील जागतिक प्रदर्शनात तो मांडला गेला, तेव्हा गर्दी लोटली. पण पाहणाऱ्यांची निराशा झाली. इतक्या कीर्तीचा हिरा काचेच्या तुकड्यासारखा निस्तेज का दिसतो, अशी कुजबुज सुरू झाली. दुसऱ्याच वर्षी ॲमस्टरडॅमहून कारागीर बोलावून, वाफेच्या यंत्रावर चालणाऱ्या चाकावर तो पुन्हा घासण्यात आला. आजच्या मापाने सुमारे १९१ कॅरटचा तो हिरा १०५.६ कॅरटचा झाला.

यावरून भारतीय कारागीर अजाण होते, असा निष्कर्ष काढणे मात्र अन्यायाचे ठरेल. निसर्गाने दिलेले वजन शक्य तितके राखणे, दोष असेल तेवढ्याच जागी पैलू टाकून तो झाकणे, ही त्यांची दृष्टी होती आणि दगडाच्या मोलाची त्यांची कल्पनाही तशीच होती. शिवाय त्यांचे रत्न एकटे चमकावे अशी अपेक्षाच नव्हती. कुंदनाच्या कामात चपट्या, जवळजवळ अघटित हिऱ्याच्या, म्हणजे पोलकीच्या, पाठीमागे चकचकीत पातळ पत्रा ठेवतात. कारागीर त्याला डाक म्हणतात. रत्नातून आरपार निघून जाणारा प्रकाश हा पत्रा आरशाप्रमाणे परत फिरवतो. माणिक व पाचू यांच्या मागे रंगीत डाक ठेवून त्यांचा रंग गडद करण्याची रीतही जुनी आहे. पाश्चात्त्यांनी जे काम हिऱ्याच्या अंगावरच पैलूंकडून करून घेतले, तेच काम आपल्या कारागिरांनी कोंदणाकडून करून घेतले, असे म्हणता येईल.

प्रकाश परत कसा फिरतो

हिऱ्याला स्वतःचा प्रकाश नसतो. अंधाऱ्या खोलीत तो आणि खडा यांत काही फरक नाही. त्याचे सारे वैभव बाहेरून आलेल्या प्रकाशाला तो काय वागणूक देतो, यावर अवलंबून असते.

हिऱ्यात शिरताना प्रकाशाचा वेग बराच मंदावतो. हिऱ्याचा अपवर्तनांक २.४२ आहे. पाण्याचा १.३३, साध्या काचेचा सुमारे १.५ आणि माणिक-नीलमाचा १.७६ ते १.७७. या आकड्याचा परिणाम दोन ठिकाणी दिसतो. पहिला पृष्ठभागावर. सरळ पडलेल्या प्रकाशापैकी काच जेमतेम ४ टक्के परावर्तित करते, तर हिरा सुमारे १७ टक्के. हिऱ्याच्या अंगावर जी कठोर, धातूची आठवण करून देणारी लकाकी असते, ती यामुळे.

दुसरा परिणाम अधिक महत्त्वाचा. आत शिरलेला किरण तळाच्या पैलूवर एका ठरावीक कोनापेक्षा अधिक तिरका आदळला, तर तो बाहेर पडूच शकत नाही. पूर्णपणे आतल्या आत परततो. या मर्यादेला क्रांतिक कोन आणि या घटनेला पूर्ण आंतरिक परावर्तन म्हणतात. हिऱ्याचा क्रांतिक कोन केवळ २४.४ अंश आहे, काचेचा मात्र ४१-४२ अंश. म्हणजे हिऱ्याच्या तावडीतून किरणाने निसटणे कठीण, काचेतून सोपे. तळाचे पैलू आडव्या पातळीशी सुमारे ४१ अंशांचा कोन करतील असे पाडले, तर वरून सरळ आलेला किरण एका बाजूच्या पैलूवर आपटतो, तेथून समोरच्या पैलूवर जातो आणि पुन्हा वर, पाहणाऱ्याच्या डोळ्याकडे परततो. त्याच घाटाचा काचेचा खडा केला, तर तोच किरण पहिल्याच आपटीत खालून निघून जातो. हुबेहूब हिऱ्यासारखी घडवलेली काच हिऱ्यासारखी का दिसत नाही, याचे कारण कारागिराच्या हातात नसून त्या एका आकड्यात आहे.

हे गणित पद्धतशीर मांडण्याचे श्रेय मार्सेल टोल्कोव्स्की यांना दिले जाते. हिरे घडवणाऱ्या घराण्यात जन्मलेल्या या अभियंत्याने १९१९ मध्ये गोल हिऱ्याची प्रमाणे प्रसिद्ध केली : तळाच्या पैलूंचा कोन ४०.७५ अंश, वरच्या पैलूंचा ३४.५ अंश आणि माथ्यावरच्या सपाट पैलूची रुंदी एकूण व्यासाच्या ५३ टक्के. वर ३३, खाली २४ आणि टोकावर असल्यास एक, असे मिळून ५७ किंवा ५८ पैलू होतात. पुढील संशोधनाने या प्रमाणांत थोडीफार मोकळीक दाखवून दिली असली, तरी मूळ चौकट तीच राहिली. तळ फार उथळ झाला तर हिऱ्याच्या मध्यभागी फिकट, माशाच्या डोळ्यासारखे वलय दिसते. फार खोल झाला तर मध्यभाग काळवंडतो. दोन्ही चुका बहुधा वजन वाचवण्याच्या मोहातून होतात, कारण गोल घाटासाठी कच्च्या हिऱ्याचे साधारण निम्मे वजन भुकटी होऊन जाते.

प्रकाश परत येणे ही एक गोष्ट, आणि येताना तो रंगांत फुटणे ही दुसरी. लोलकाप्रमाणे हिराही पांढऱ्या प्रकाशाचे अपस्करण करतो, म्हणून त्यात क्षणात लाल, क्षणात निळी ठिणगी दिसते. तिसरी गोष्ट म्हणजे रत्न किंवा पाहणारा हलला की होणारी उघडझाप. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत उत्तम हिऱ्याला वीज, अग्नी आणि इंद्रधनुष्य यांची उपमा दिली आहे. या तीन उपमा आजच्या रत्नशास्त्रातील तीन गुणांशी इतक्या जुळतात की त्या काळच्या पारख्याच्या नजरेचे कौतुक वाटते. चांगला हिरा पाण्यावर तरंगतो असेही त्याच ग्रंथात म्हटले आहे. ते अर्थातच खरे नाही.

रंगीत रत्नांची निराळी तऱ्हा

माणिक, नीलम, पाचू यांत ठिणगीपेक्षा रंगाला मान असतो. तरीही घाटाचा नियम सुटत नाही. पोट उथळ ठेवलेल्या नीलमाच्या मध्यभागी 'खिडकी' पडते; म्हणजे तेवढ्या भागातून प्रकाश आरपार जातो आणि रंग धुतल्यासारखा वाटतो. असा खडा छापील कागदावर धरला, तर खालची अक्षरे दिसतात. याउलट, काही खड्यांना कंबरेखाली अवाजवी मोठे पोट ठेवलेले असते. ते कोंदणात लपते, तेजात भर घालत नाही, पण तराजूवर मात्र बोलते. रत्ने रतीच्या भावाने विकली जातात तेथे ग्राहक या न दिसणाऱ्या पोटाचेही पैसे मोजत असतो. कुटुंबाची कित्येक महिन्यांची बचत एखाद्या अंगठीत घालणाऱ्याने वजनाबरोबरच वरून दिसणारी लांबी-रुंदीही मोजून घ्यावी, हे उत्तम.

घाटापलीकडेही तेज वाढवण्याचे उपाय आहेत आणि येथेच सावधपणा हवा. माणिक व नीलम तापवण्याची रीत पुरातन आहे. श्रीलंकेतील 'गेउडा' नावाचे दुधाळ, जवळजवळ टाकाऊ खडे तीव्र उष्णतेने सुंदर निळे होतात, हे थायलंडच्या व्यापाऱ्यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिले. हा बदल कायमचा असतो; तो सांगून विकला तर त्यात गैर काही नाही. पाचूच्या अंगभूत भेगांत तेल मुरवतात. भेगेतील हवेच्या जागी पाचूच्या जवळपास अपवर्तनांक असलेले तेल गेले की भेग दिसेनाशी होते. मात्र काळाने तेल सुकते आणि भेग पुन्हा उघडी पडते. सर्वांत फसवा प्रकार शिसेयुक्त काच भरलेल्या माणकाचा. हे खडे एकविसाव्या शतकाच्या आरंभी बाजारात मोठ्या प्रमाणावर आले. अपारदर्शक, भेगाळलेल्या दगडात काच ओतली की तो पारदर्शक आणि तेजस्वी दिसू लागतो. परंतु सोनाराच्या आम्लाने, डागकामाच्या ज्योतीने, इतकेच काय लिंबाच्या रसानेही त्यातील काच खराब होते. साध्या भिंगाखाली त्यात हवेचे बुडबुडे आणि खडा कलता करताना निळसर झाक दिसते.

प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा हा वेगळा विषय आहे. त्याचे रासायनिक घटक आणि अपवर्तनांक खाणीतील हिऱ्याचेच असतात, त्यामुळे तेजात फरक असण्याचे कारण नाही. दोहोंतला भेद डोळ्यांनी कळत नाही, त्याला उपकरणेच लागतात. आणि किमतीत मोठे अंतर असल्यामुळे तो लेखी सांगणे विक्रेत्याचे कर्तव्य ठरते.

गेलेले तेज परत कसे येते

घरातील अंगठीचा हिरा 'उतरला', 'त्याचे पाणी गेले', अशी तक्रार अनेकदा ऐकू येते. हिऱ्याचे पाणी जात नाही. हिरा स्निग्ध पदार्थ झटकन धरून ठेवतो. दक्षिण आफ्रिकेच्या खाणींत खडीतून हिरे वेगळे करण्यासाठी चरबी माखलेले तक्ते वापरले जात, ते या गुणामुळेच. हातावरचे तेल, कणीक, साबण यांचा थर तळाच्या पैलूंवर बसला की हिऱ्याबाहेर हवेऐवजी तेल येते आणि २४ अंशांचा क्रांतिक कोन ३७ अंशांच्या घरात जातो. पूर्वी परतणारे कित्येक तिरके किरण आता खालून गळू लागतात. म्हणून हिरा वरून कितीही पुसला तरी उपयोग होत नाही. तो मागून स्वच्छ करावा लागतो. कोमट पाण्यात सौम्य साबणाचे काही थेंब, अर्धा तास भिजवण आणि मऊ ब्रश, एवढ्याने काम भागते. पाठ उघडी असलेले कोंदण या दृष्टीने सोयीचे. अर्थात नळाखाली धुताना मोरीचे तोंड आधी बंद करावे!

हाच उपाय सर्व रत्नांना लागू नाही. पाचू आणि काच भरलेले माणिक यांना गरम पाणी व ध्वनिलहरींवर चालणारी यंत्रे वर्ज्य. मोती आणि पोवळे आम्लाने झिजतात. नथीचे मोती वापरानंतर ओलसर मऊ कापडाने पुसून ठेवावेत, अत्तर नंतर नव्हे तर आधी लावावे. कुंदनाचा दागिना पाण्यात कधीही बुडवू नये. पाणी खड्यामागे शिरले की डाक काळी पडते आणि मग खड्याचे तेज कोणत्याही साबणाने परत येत नाही. डाक बदलूनच ते आणावे लागते. कोरडी धूळ पुसतानाही जपावे. धुळीत गारगोटीचे कण असतात व त्यांची कठीणता ७ असते. हिऱ्याला (१०) किंवा नीलमाला (९) त्यांची भीती नाही, पण ओपल, फिरोजा यांसारख्या मऊ खड्यांचे पैलू व पृष्ठभाग त्यांनी वर्षानुवर्षे खरवडून निघतात. दंतमंजनाने दागिने घासण्याची सवयही याच कारणासाठी सोडावी.

पावतीवर काय असावे

कच्च्या हिऱ्यांना पैलू पाडण्याचे काम प्रामुख्याने सुरतेत चालते, तर व्यापाराचे मोठे केंद्र मुंबई आहे. झवेरी बाजार आणि ऑपेरा हाऊस या जुन्या पेठांच्या जोडीला २०१० मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात भारत डायमंड बोर्स सुरू झाले. असे असूनही दुकानाच्या दिव्यांखाली रत्न पाहणारा सामान्य ग्राहक बराचसा असहाय असतो. टिपक्यांसारखे अनेक प्रखर दिवे लावले की सामान्य खड्यातही ठिणग्या उडतात. खडा दुकानाच्या दाराशी नेऊन, सावलीतल्या दिवसाच्या उजेडात पाहण्याचा आग्रह धरावा.

सोन्याच्या दागिन्यांवर हॉलमार्क सक्तीचा करण्यास १६ जून २०२१ पासून २५६ जिल्ह्यांत प्रारंभ झाला. तो सोन्याच्या शुद्धतेची ग्वाही देतो. त्यात बसवलेल्या खड्याविषयी तो काहीही सांगत नाही. शिवाय कुंदन, पोलकी आणि जडावाचे दागिने या सक्तीतून वगळण्यात आले. नेमक्या याच दागिन्यांत पोकळ घाटात लाख भरलेली असते, मागे डाक असते आणि खड्यांचे वजनही धरलेले असते. त्यामुळे अशा दागिन्याच्या पावतीवर निव्वळ सोन्याचे वजन व कस, खड्यांचे वजन निराळे, खडा नैसर्गिक की प्रयोगशाळेतला, आणि त्याच्यावर तापवणे, तेल मुरवणे वा काच भरणे यांपैकी कोणती प्रक्रिया झाली आहे, हे चार तपशील लिहून घ्यावेत. मोठ्या रकमेच्या खड्यासाठी स्वतंत्र रत्नपरीक्षण प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र मागावे आणि शक्य असल्यास तपासणी खडा कोंदणात बसवण्यापूर्वीच करून घ्यावी. एकदा कोंदणात गेल्यावर त्याची पाठ, पोट आणि अचूक वजन तपासणाऱ्यालाही पूर्णपणे पाहता येत नाही.