आपल्या गावाचा फोटो आपणच काढायचा!

दुष्काळ पडला की बीड जिल्ह्याचे फोटो सगळीकडे झळकतात. भेगाळलेली जमीन, रिकाम्या घागरी, टँकरभोवतीची झुंबड. हे फोटो खोटे नसतात. पण ते काढणारा अनेकदा बाहेरून येतो आणि संध्याकाळी परत जातो. तुम्ही मात्र इथलेच. दिवाळीनंतर टोळी कारखान्याकडे निघते तेव्हा ट्रॅक्टरवर काय काय चढतं, मागं राहिलेली आजी नातवंडांचं कसं बघते, हे तुम्हाला कुणी सांगावं लागत नाही. मग हे फोटो तुमच्या मोबाइलमध्ये का नसतात?

उत्तर ठरलेलं असतं. ‘आपल्याकडं काढण्यासारखं आहेच काय?’ आणि ‘आपला कॅमेरा कुठं तेवढा भारी आहे!’

आधी नजरेचं बघू. एकच जागा निवडा. समजा, बीडचं कंकालेश्वर मंदिर. तिथं सकाळी लवकर जा, भर दुपारी जा आणि सूर्य मावळताना पुन्हा जा. सकाळचं तिरपं ऊन दगडावरचं कोरीवकाम उठावदार करतं. तेच काम दुपारी सपाट वाटायला लागतं. वारा पडला की कुंडातल्या पाण्यात मंदिर उलटं दिसतं. मोबाइल तोच, मंदिर तेच, फोटो मात्र तीन वेगळे. प्रकाश ओळखायला शिकणं म्हणतात ते हेच.

झूम करण्यापेक्षा दोन पावलं पुढं जा. बहुतेक साध्या मोबाइलमध्ये झूम म्हणजे फोटो कापून मोठा करणं, त्यात बारकावे जातात. बटण दाबण्याआधी फ्रेमच्या चारही कडा बघा. विजेची तार, कुणाचं अर्धं डोकं, गाडीचं चाक तिथंच घुसलेलं असतं.

आता आत्मविश्वासाचं. होमाई व्यारावाला यांचा जन्म 1913 मधला. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून त्यांची ओळख आहे. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकताना त्यांनी आपल्या सोबतच्या मुलींचे फोटो काढले, म्हणजे जे रोज समोर होतं तेच. त्यांचे सुरुवातीचे फोटो मात्र छापून आले ते पतीच्या नावानं. त्या थांबल्या नाहीत. स्वातंत्र्याच्या काळातली दिल्ली त्यांनी कॅमेऱ्यात पकडली आणि 2011 मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं.

दुसरं नाव आपल्याच मराठी माणसाचं, सुधारक ओलवे. मुंबईच्या सफाई कामगारांकडे शहर बघतच नव्हतं. ओलवे त्यांच्यात वर्षानुवर्षं जात राहिले आणि त्यांचं जगणं कृष्णधवल फोटोंत मांडत राहिले. 2016 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. फडात कोयता चालवणाऱ्या माणसाकडे तरी कोण नीट बघतं? तुम्ही बघू शकता. फक्त आधी त्याला विचारा, चार शब्द बोला आणि काढलेला फोटो त्याला दाखवा. ‘नको’ म्हणाला तर मोबाइल खिशात.

एक प्रयोग करा. पूर्वी फिल्मच्या एका रोलमध्ये 36 फोटो निघायचे. या रविवारी तुम्हीही दिवसभरात 36च काढायचे. आठवडाभर एकही डिलीट करायचा नाही, कुठं टाकायचाही नाही. पुढच्या रविवारी त्यातले पाच निवडा आणि प्रत्येक का निवडला, ते वहीत एका ओळीत लिहा. कारण लिहिता आलं, की लाइक चार आले काय अन् चारशे काय, फार फरक पडत नाही.

त्यातला एखादा तरी स्टुडिओत जाऊन कागदावर काढून घ्या. मागं गाव, तारीख आणि फोटो काढणाऱ्याचं नाव लिहा. तुमचं, पूर्ण नाव.