सिग्नलला सायकल दिसते का?

सकाळी सव्वानऊचं लेक्चर. मिरजेहून सांगलीकडे येताना वाटेत एक मोठा चौक लागतो. सिग्नल हिरवा होता, म्हणून मी सायकल पुढे काढली. चौकाच्या मधोमध पोचतेय तोवर दिवा पिवळा झाला, आणि चार पॅडल मारेपर्यंत आडव्या रस्त्यावरच्या गाड्या सुटल्यासुद्धा. दोन्ही बाजूंनी हॉर्न. एक काका करकचून ब्रेक दाबत ओरडले, "अगं ए पोरी, सिग्नल दिसत नाही व्हय तुला?"

दिसत होता की! हिरवा होता म्हणूनच तर निघाले होते. पण त्या क्षणी कोण ऐकून घेणार? हात थरथरत होते. कॉलेजच्या स्टँडला सायकल लावली आणि दिवसभर डोक्यात काकांचाच प्रश्न उलटा होऊन फिरत राहिला. मला सिग्नल दिसत होता. पण सिग्नलला मी दिसत होते का?

प्रश्न वेडगळ वाटेल, पण रस्त्यांचं इंजिनिअरिंग करणारे लोक गेली कित्येक वर्षं नेमका यावरच डोकं खाजवतायत.

तीन सेकंदांचं गणित

आधी आपल्याच चौकाचं गणित करू. समजा चौक ३० मीटर रुंद आहे. रमतगमत चालवणारा सायकलवाला ताशी १२ किलोमीटरने जातो, म्हणजे सेकंदाला साधारण सव्वातीन मीटर. हिरवा संपता संपता तो चौकात शिरला. पिवळा दिवा ३ सेकंद राहिला, तेवढ्यात सायकल गेली १० मीटर. त्यानंतर चारही बाजूंना २ सेकंद लाल ठेवलेला असेल, तर आणखी सहा-सात मीटर. अजून १३ मीटर बाकी, म्हणजे ४ सेकंद. आणि आडव्या रस्त्याला तर हिरवा मिळालाय!

त्याच क्षणी शिरलेली, ताशी ३० किलोमीटरने जाणारी मोटरसायकल पावणेचार सेकंदांत पलीकडे पोचते. तिला तो दिवा पुरतो, सायकलला नाही. दोघांनीही नियम पाळला, पण अडकला एकच.

आपल्याकडच्या बहुतेक गावांत सिग्नल ठराविक वेळेचे असतात. रस्त्यावर कोणी असो-नसो, ६० चे ५९, ५९ चे ५८ होत राहतात. या सिग्नलचा एक फायदा आहे. तो कोणालाच बघत नाही, त्यामुळे सायकललाही पाळीपाळीने हिरवा मिळतोच. तोटा असा की त्याचे सेकंद कोणासाठी मोजलेत, हे वेळ लावणाऱ्याच्या मनात असतं. मनात मोटारगाडी असेल, तर सायकलवाला चौकात लोंबकळणार.

हॉर्न वाजवा, हिरवा मिळवा

पण 'बघणारे' सिग्नलही असतात, आणि त्यांची गोष्ट मजेशीर आहे. अमेरिकेत बाल्टिमोर शहरात १९२८ मध्ये चार्ल्स अ‍ॅडलर नावाच्या संशोधकाने एक सिग्नल बसवला. मुख्य रस्त्याला एरवी हिरवा. बाजूच्या छोट्या रस्त्यावरून गाडी आली, की चालकाने हॉर्न वाजवायचा. खांबावरचा मायक्रोफोन तो आवाज ऐकायचा आणि दिवा बदलायचा. आपल्याकडे असा सिग्नल बसवला असता तर काय झालं असतं, याची कल्पनाच केलेली बरी.

मुंबई पोलिसांनी बरोबर याच्या उलटं करून दाखवलं. जानेवारी २०२० च्या शेवटी त्यांचा 'पनिशिंग सिग्नल'चा व्हिडिओ आला आणि देशभर फिरला. मुंबईतल्या काही सिग्नलना आवाज मोजणारं यंत्र जोडलं होतं. लाल दिव्याला थांबलेल्या गाड्यांच्या हॉर्नचा आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला, की उलटी मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू! 'वाजवा अजून, थांबा अजून' असा सगळा मामला.

हे दोन्ही सिग्नल ऐकतात, पण हॉर्नवाल्यांचंच. सायकलच्या टिंगटिंगला दोन्हीकडे जागा नाही.

रस्त्याखालची तार

नंतर अमेरिका-युरोपात हॉर्नची जागा तारेने घेतली. स्टॉप लाइनजवळ डांबरात चौकोनी खाच पाडतात, त्यात तारेचे वेढे पुरतात आणि त्यातून सतत दिशा बदलणारा वीजप्रवाह सोडतात. याला म्हणतात इंडक्शन लूप. वर धातूची वस्तू आली, की त्या धातूत भोवरी प्रवाह तयार होतात आणि तारेचं इंडक्टन्स बदलतं. कंट्रोलरला कळतं, कोणीतरी आलंय. रेल्वे स्टेशनच्या दारातला मेटल डिटेक्टर याच तत्त्वावर चालतो.

बऱ्याच जणांना वाटतं, हा सिग्नल वजन ओळखतो. अजिबात नाही. शंभर किलोचा माणूस लूपवर उड्या मारत बसला तरी त्याला पत्ता लागणार नाही. आणखी एक गैरसमज म्हणजे सायकलच्या तळाला लोहचुंबक लावला की सिग्नल बदलतो. असे चुंबक तिकडे विकतसुद्धा मिळतात. पण लूपला चुंबकत्वाशी देणंघेणं नाही. वीज वाहून नेणारा धातू पाहिजे, आणि तो तारेच्या जवळ पाहिजे. म्हणून तिथले जुने सायकलवाले नवख्यांना सांगतात, चौकोनाच्या मधोमध उभा राहू नकोस, खाच दिसते ना, तिच्या रेषेवर दोन्ही चाकं ठेव. अ‍ॅल्युमिनियमची रिम यासाठी उत्तम. कार्बनच्या महागड्या चाकांना मात्र लूप फारशी दाद देत नाही.

एवढं करूनही सगळं यंत्राच्या संवेदनशीलतेवर अवलंबून. ती मोटारीच्या हिशोबाने लावली असेल, तर सायकलवाला तिथे उभाच. मागून एखादी मोटार येईपर्यंत वाट बघायची, नाहीतर लाल तोडून जायचं. म्हणजे यंत्राला तुम्ही दिसत नाही, आणि गुन्हा मात्र तुमच्या नावावर!

कायद्यात आलेले सहा सेकंद

कॅलिफोर्नियातल्या सायकलवाल्यांनी हा त्रास राज्याच्या कायद्यापर्यंत नेला. २००७ मध्ये तिथे कायदा झाला. गाडी ओळखून बदलणारा नवा सिग्नल बसवताना किंवा जुना नव्याने बदलताना त्याला सायकल आणि मोटरसायकलही ओळखता आली पाहिजे, असं त्यात म्हटलंय.

त्याहून महत्त्वाचा भाग पुढे आहे. सायकल ओळखून तिला तीन सेकंदांचा हिरवा दिला तर काय उपयोग? म्हणून तिथल्या नियमावलीत सायकलसाठी वेळेचं सूत्रही आलं. किमान हिरवा, पिवळा आणि सगळीकडचा लाल यांची बेरीज अशी हवी, की ताशी साधारण १६ किलोमीटरने जाणारी सायकल चौक पार करेल. शिवाय थांबलेली सायकल हलवून वेग घेण्यासाठी ६ सेकंद वेगळे. पाय पेडलवर ठेवणं, तोल सावरणं, पहिलं पॅडल मारणं, याला वेळ लागतो हे कोणीतरी कागदावर मान्य केलं! आपल्या ३० मीटरच्या चौकाला हे सूत्र लावलं तर बेरीज येते साधारण १३ सेकंद.

कोपनहेगनमध्ये तर नॉरेब्रोगाडे नावाच्या गजबजलेल्या रस्त्यावर सिग्नलची साखळीच सायकलच्या वेगाला लावलीय. ताशी २० किलोमीटरने चालवत राहा, एकामागून एक हिरवे मिळत जातात.

पीसीयू: तुमची किंमत किती?

"ते सगळं तिकडं ठीक आहे, इथं काय?" असं म्हणाल. इथेही सिग्नल बघायला शिकतायत. पुण्यात सुमारे सव्वाशे चौकांत गर्दीचा अंदाज घेऊन वेळ बदलणारी यंत्रणा आलीय. आपल्याकडे गाड्या लेन धरून चालत नाहीत, त्यामुळे डांबरातल्या लूपपेक्षा कॅमेरे जास्त कामाचे. आज पुण्यात आलंय ते उद्या सांगली-साताऱ्यात येणार. आणि तेव्हा खरा प्रश्न असेल, कॅमेऱ्यामागचं सॉफ्टवेअर काय काय मोजतं?

सिव्हिलवाल्यांना 'पीसीयू' माहीत असेल. पॅसेंजर कार युनिट. रस्त्यावर सगळ्या प्रकारची वाहनं, मग बेरीज कशी करायची? म्हणून प्रत्येकाची मोटारीशी तुलना करतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९९० च्या शहरी रस्त्यांच्या मार्गदर्शक पुस्तिकेत मोटार म्हणजे १. दुचाकी ०.५ किंवा ०.७५. ट्रॉली लावलेला ट्रॅक्टर ४ किंवा ५. आणि सायकल ०.४ किंवा ०.५. एकूण वाहतुकीत त्या वाहनाचं प्रमाण किती, त्यावर यातला आकडा ठरतो. म्हणजे गळीत हंगामात ऊस घेऊन चाललेला एक ट्रॅक्टर बरोबर दहा सायकली!

यात कोणाचा अपमान नाही. हा हिशोब रस्त्यावर व्यापलेल्या जागेचा आहे, आणि सायकल जागा कमी घेते हे तर तिचं कौतुकच. गडबड होते ती पुढे. जागेच्या हिशोबावरच वेळ वाटली, की कमी जागा घेणाऱ्याला कमी वेळ मिळते. खरं तर सायकलला जागा कमी लागते आणि वेळ जास्त. हे दोन आकडे वेगळे आहेत, हे सिग्नलला कोणीतरी सांगावं लागतं.

आणि सायकलवाले मूठभर आहेत असंही नाही. २०११ च्या जनगणनेत, शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर काम करणाऱ्यांना विचारलं होतं, कामावर कशाने जाता? देशभरात सुमारे १३ टक्के लोकांचं उत्तर होतं, सायकलने. यात शाळा-कॉलेजला जाणारी पोरं धरलेलीच नाहीत. सकाळी डबा अडकवून निघालेले कामगार, पेपर टाकणारी मुलं, क्लासला चाललेल्या मुली, हे सगळे त्या चौकात रोज ते चार सेकंद जीव मुठीत धरून काढतात. मी एकदा अडकले तर लेख लिहायला बसले. ते बोलत नाहीत, एवढंच.

एक वही, एक मोबाइल

मग करायचं काय? विश्रामबाग परिसरात विलिंग्डन आहे, वालचंद आहे. पोरांची कमी नाही आणि हुशारीचीही नाही. आपल्या कॉलेजजवळचा एक चौक निवडा. तिघं-चौघं मिळून फुटपाथवर, सुरक्षित जागी उभे राहा.

• कॉलेज भरायच्या वेळेला एक तास सायकली मोजा. दर पंधरा मिनिटांचा आकडा वेगळा लिहा. मोटारी, दुचाकी, रिक्षाही मोजा, नाहीतर तुलना होणार नाही.

• मोबाइलच्या स्टॉपवॉचवर हिरवा, पिवळा आणि सगळीकडचा लाल किती सेकंद राहतो ते दहा वेळा मोजा.

• चौकाची रुंदी मॅपवरून काढा. टेप घेऊन रस्त्यात उतरू नका!

• किती सायकली हिरव्यावर शिरूनही चौकात अडकल्या, हे वेगळं लिहा. सगळ्यांत महत्त्वाचा आकडा हाच.

हे एका पानावर मांडून महापालिकेला आणि वाहतूक शाखेला लेखी द्या, पोच घ्या. मागणी छोटी ठेवा: चारही बाजूंचा लाल दोन-तीन सेकंदांनी वाढवा. यासाठी रस्ता खोदायला लागत नाही, ठराविक वेळेच्या सिग्नलला फक्त आकडा बदलायला लागतो. सिग्नलची वेळ कोणत्या मोजणीवरून ठरवली, हे माहितीच्या अधिकारात दहा रुपये भरून विचारता येतं. उत्तराची मुदत ३० दिवस. 'सायकलवाल्यांना त्रास होतो' म्हटलं की 'बघू' ऐकायला मिळतं. 'एका तासात इतक्या सायकली अडकल्या' म्हटलं की उत्तर द्यावं लागतं.

आणि तोवर स्वतःला सांभाळा. टायमर चालू असेल तर हिरव्याच्या शेवटच्या पाच-सहा सेकंदांत चौकात शिरू नका, पुढचा हिरवा तुमचाच आहे. उजवीकडे वळायचं असेल तर गाड्यांच्या मधून तिरकं जाण्यापेक्षा आधी सरळ पलीकडे जा, तिथे थांबा आणि त्या बाजूच्या हिरव्याबरोबर निघा. थांबताना बस-ट्रकच्या डाव्या कुशीत शिरू नका, चालकाला तुम्ही दिसत नाही. सिग्नलवर मामा उभे असतील तर त्यांच्याशी बोला. कोणत्या वेळेला काय होतं, हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नसतं.

त्या दिवशीच्या काकांवर माझा राग नाही. त्यांनाही हिरवाच मिळाला होता. आम्ही दोघंही बरोबर होतो आणि तरी एकमेकांच्या अंगावर आलो. मधले चार सेकंद कोणीच मोजले नव्हते. आता ते आपण मोजायचे.