किनाऱ्यावर उभी केलेली माणसं

इटलीतलं दुसरं महायुद्ध म्हटलं की आपल्याला नाईक यशवंत घाडगे आठवतात. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांना वीरमरण आलं आणि मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तोवर तिथली लढाई जर्मनांशी उरली होती. इटलीच्या मुख्य भूमीलगतचा बचाव ढासळू लागला तो बरोबर वर्षभर आधी, १० जुलै १९४३ ला, दोस्तांचं सैन्य सिसिली बेटावर उतरलं तेव्हा. त्या पहाटेचा तडाखा ज्यांनी सोसला त्यांत इटलीची २०६ वी किनारा संरक्षण डिव्हिजन होती. युद्धाच्या पुस्तकांत तिच्याबद्दल बहुधा एवढंच लिहिलेलं असतं की तिने फारसा प्रतिकार केला नाही. हा तिच्यावर अन्याय आहे, असं माझं मत आहे.

इटलीची तरणीबांड माणसं आफ्रिकेत आणि रशियात खर्ची पडली होती. किनाऱ्यासाठी उरले ते वय झालेले राखीव सैनिक, त्यातले बरेचसे आसपासच्याच गावांतले. ट्रक जवळजवळ नाहीत, रणगाडाविरोधी तोफा मोजक्या, बरीच शस्त्रं मागच्या महायुद्धातली. अशा डिव्हिजनला एका जागेवरून दुसरीकडे धावून जाताच येत नसे. जिथे ठेवलं तिथे टिकायचं, मागून ताज्या दमाचं सैन्य येईपर्यंत.

२०६ व्या डिव्हिजनकडे बेटाचा आग्नेय कोपरा होता. सिराक्यूजच्या दक्षिणेपासून पाकिनोच्या भूशिराला वळसा घालून पश्चिमेकडे जाणारा, शंभर किलोमीटरहून लांब किनारा. मेजर जनरल अकिले द’आवेत तिचे प्रमुख, मुख्यालय मोदिका गावात. आणि याच पट्ट्यावर ब्रिटिश सेनापती माँटगोमेरीच्या आठव्या सैन्याच्या चार डिव्हिजन आणि एक स्वतंत्र ब्रिगेड उतरली! आदल्या दिवशी समुद्र इतका खवळला होता की अशा हवेत कोणी येईल असं पहाऱ्यावरच्यांना वाटलं नव्हतं. पाकिनोजवळ उतरलेल्या कॅनडाच्या डिव्हिजनचं पहिल्या दिवशी फारच थोडं नुकसान झालं. तिथला विमानतळ मात्र इटालियनांनी शत्रूच्या कामी येऊ नये म्हणून आधीच नांगरून ठेवला होता.

पण सगळीकडे असं घडलं नाही. सिराक्यूजच्या दाराशी आनापो नदीवर पोंते ग्रांदे नावाचा पूल आहे. तो घ्यायला ब्रिटिशांनी रात्री १४४ ग्लायडर पाठवले. वारा आणि गोंधळ यांमुळे त्यांतले साठाहून जास्त समुद्रातच पडले, कित्येक सैनिक बुडाले. पुलापाशी जमले ते शंभरही नव्हते. त्यांनी पूल घेतला, त्याखालची स्फोटकं काढून टाकली. मग दिवसभर इटालियन नाविक, किनारा दलाचे सैनिक आणि नापोली डिव्हिजनचं पायदळ त्यांच्यावर चालून येत राहिलं, आणि दुपारी साडेतीनच्या सुमारास त्यांनी पूल परत जिंकला. थोड्याच वेळात समुद्राकडून ब्रिटिशांची ताजी तुकडी येऊन थडकली. स्फोटकं आधीच निघाली होती, त्यामुळे पूल उडवता आला नाही. सिराक्यूज त्याच रात्री पडलं. ज्यांना पळपुटे ठरवलं गेलं, त्यांच्या बाजूने हा दिवस धरायला हवा.

द’आवेत मोदिकात अडकले. त्यांना शरण जायचं होतं, पण आपल्या तोलाच्या अधिकाऱ्यापुढेच. पहिल्या महायुद्धात इटली आणि ब्रिटन मित्र होते, तेव्हा याच माणसाला ब्रिटिशांनी मिलिटरी क्रॉस दिला होता. शेवटी १२ जुलैला कॅनडाच्या डिव्हिजनचे प्रमुख मेजर जनरल गाय सायमंड्स यांच्यापुढे त्यांनी शरणागती पत्करली. अडीच दिवसांत डिव्हिजन संपली.

त्याआधी जेमतेम तीन आठवडे, २४ जूनला, मुसोलिनीने पक्षाच्या नेत्यांना बजावलं होतं की शत्रूला पाण्याच्या काठावरच गारद करू. त्या काठावर त्याने कोणाला आणि कशाच्या बळावर उभं केलं होतं हे पाहिलं, तर अपयशाचा धनी सैनिक ठरत नाही. २५ जुलैला त्याचीच सत्ता गेली. ३ सप्टेंबर १९४३ रोजी इटलीने दोस्तांशी गुप्तपणे युद्धबंदीचा करार केला. सही झाली कासिबिलेत, २०६ व्या डिव्हिजनने राखलेल्या किनाऱ्यालगतच्याच गावात.