खुर्च्या कोणाच्या, जमीन कोणाची

फेब्रुवारी १९८५. अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात, रॉक्सबरीच्या डडली स्ट्रीट भागात रहिवाशांची सभा भरली होती. रायली फाउंडेशन ही देणगीदार संस्था आणि स्थानिक सेवाभावी संस्था यांनी वस्ती सावरण्याची योजना तयार करून आणली होती. पैसे द्यायची तयारी होती, हेतूही चांगला होता. योजनेत २३ जणांचं संचालक मंडळ होतं आणि त्यात रहिवाशांच्या वाट्याला जेमतेम ४ खुर्च्या. श्रोत्यांतून प्रश्न आला, वर बसलेल्यांपैकी या वस्तीत राहतं कोण? व्यासपीठ अवघडलं.

पुढे जे झालं ते देणगीदारांच्या जगात क्वचितच होतं. त्यांनी योजना रेटली नाही आणि रुसून पैसेही परत नेले नाहीत. रहिवाशांबरोबर बसून मंडळाची घडी नव्याने घातली. ३१ जणांचं मंडळ ठरलं, त्यात बहुमत रहिवाशांचं. आफ्रिकन अमेरिकन, लॅटिनो, केप व्हर्दियन आणि गोरे या चार समाजांची लोकसंख्या कमीजास्त होती, तरी चौघांना सारख्याच जागा मिळाल्या. ‘डडली स्ट्रीट नेबरहूड इनिशिएटिव्ह’ या संस्थेचा चाळीस वर्षांचा प्रवास या खुर्च्यांच्या हिशेबापासून सुरू होतो.

रहिवाशांचा संशय उगीच नव्हता. १९५०च्या दशकाच्या अखेरीस बॉस्टनची वेस्ट एंड ही कामगारांची वस्ती ‘नूतनीकरणा’च्या नावाखाली भुईसपाट झाली होती आणि हजारो कुटुंबं देशोधडीला लागली होती. डडलीची कथा वेगळ्या वळणाने त्याच दिशेला चालली होती. बँकांनी कर्जं देणं थांबवलं, गोरी कुटुंबं उपनगरांत गेली, विम्याच्या पैशांसाठी घरांना आगी लागू लागल्या. शहराच्या मध्यापासून जेमतेम तीन किलोमीटरवरच्या या भागात १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला सुमारे १,३०० भूखंड ओसाड पडले होते. बाहेरचे ट्रक येऊन तिथे कचरा, सडकं मांस, जुने फ्रिज, मोडक्या गाड्या टाकून जात.

म्हणून मंडळाने पहिला विषय घेतला तो कचऱ्याचा. १९८६च्या मोहिमेचं नावच होतं, ‘आमच्यावर कचरा टाकू नका’ अशा अर्थाचं. रहिवाशांनी स्वतः झाडू हातात घेतले आणि महापालिकेलाही धारेवर धरलं. महापौर रे फ्लिन यांच्या प्रशासनाने बेवारस गाड्या उचलल्या आणि कचऱ्याचे बेकायदा अड्डे बंद केले. काम लहान दिसतं, पण त्यातून दोन गोष्टी झाल्या. सभांना माणसं येऊ लागली, आणि महापालिका आपलं ऐकते हा अनुभव लोकांना पहिल्यांदा आला. या टप्प्यात मंडळाच्या अध्यक्षपदी शे मादियून होत्या. त्या याच वस्तीत राहणाऱ्या.

१९८७ मध्ये रहिवाशांनी सल्लागारांना हाताशी धरून स्वतःचा विकास आराखडा केला आणि शहराने तो स्वीकारला. आराखडे मात्र कपाटात पडून राहतात. खरी अडचण जमिनीची होती. ‘डडली ट्रँगल’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ६४ एकरांत निम्म्याच्या आसपास जमीन रिकामी होती, त्यातली साधारण १५ एकर शहराची आणि तितकीच खासगी. खासगी तुकडे इतक्या मालकांत विखुरलेले होते की सलग घरं बांधणं अशक्य. कित्येक मालकांचा पत्ता लागत नव्हता, कर थकलेले होते.

तेव्हा संस्थेने जे मागितलं ते ऐकून अधिकारीही चकित झाले असतील. तिने भूसंपादनाचा अधिकार मागितला. आपल्याला भूसंपादन म्हटलं की सरकारी नोटीस आठवते. इथे नोटीस काढण्याची ताकद रहिवाशांना हवी होती, तीही फक्त रिकाम्या भूखंडांपुरती. कोणाच्या राहत्या घराला हात लागणार नव्हता. १० नोव्हेंबर १९८८ रोजी बॉस्टन पुनर्विकास प्राधिकरणाने हा अधिकार दिला. अमेरिकेत वस्तीच्या संघटनेला असा अधिकार मिळण्याची ही पहिलीच वेळ. फोर्ड फाउंडेशनने जमीन घेण्यासाठी २० लाख डॉलरचं कर्ज दिलं. त्या काळात संस्थेचं कार्यकारी संचालकपद सांभाळत होते गस न्यूपोर्ट, कॅलिफोर्नियातल्या बर्कलीचे माजी महापौर.

मिळवलेली जमीन संस्थेने विकली नाही. ‘डडली नेबर्स’ या ट्रस्टच्या नावावर ती कायमची ठेवली. नवी मुंबईत सिडकोने भाडेपट्ट्याने दिलेली जमीन ज्यांना माहीत आहे, त्यांना ही व्यवस्था चटकन कळेल. फरक इतकाच की इथे जमिनीचा मालक सरकारी महामंडळ नाही, ट्रस्ट आहे, आणि त्यावरचे बहुतेक विश्वस्त रहिवाशांची संस्था नेमते. घर कुटुंबाच्या मालकीचं, खालची जमीन ट्रस्टची, भाडेपट्टा ९९ वर्षांचा. घर विकायचं झालं तर किंमत ठरलेल्या सूत्राने, बाजारभावाने नाही. विकणाऱ्याला मर्यादित नफा मिळतो, म्हणूनच पुढच्या बेताच्या उत्पन्नाच्या कुटुंबाला ते घर परवडतं. १९९०च्या दशकात पहिली घरं उभी राहिली. २००८च्या सुमारास अमेरिकेत गृहकर्जं बुडून लाखो घरांवर जप्ती आली, तेव्हा ट्रस्टच्या जमिनीवरची घरं जवळजवळ सगळी तगली. कर्ज घेताना मध्ये ट्रस्ट होता, म्हणून फसवे सावकार आत शिरू शकले नाहीत.

मंडळात तरुणांनाही जागा मिळाल्या. १७ वर्षांचा असताना निवडून आलेला जॉन बॅरोस हा केप व्हर्दियन मुलगा पुढे संस्थेचा कार्यकारी संचालक झाला. २०१३ मध्ये तो महापौरपदाला उभा राहिला, हरला, आणि नंतर शहराच्या आर्थिक विकास खात्याचा प्रमुख झाला. वस्तीतल्या जागांचंही रूप पालटलं. ब्रुक अव्हेन्यूवरच्या जुन्या गॅरेजच्या जागी आज १०,००० चौरस फुटांचं हरितगृह आहे. तिथे भाजी पिकते.

हिशेब मांडायचा तर दोन्ही बाजू मांडाव्या लागतील. ओसाड भूखंडांपैकी निम्म्याहून जास्त वापरात आले आणि त्यांवर घरं, बागा, खेळाची मैदानं झाली. पण ट्रस्टच्या जमिनीवरची घरं दोनशेच्या घरातच आहेत आणि तीही उभी राहायला दशकं लागली. गरिबी हटली नाही. ट्रस्टच्या हद्दीबाहेर भाडी चढत गेली. देणगीदारांवरचं अवलंबित्वही सुटलेलं नाही. शिवाय अशी मंडळं चालवणं दमवणारं असतं. तीन-तीन भाषांत सभा घ्यायच्या, दर काही वर्षांनी निवडणुका घ्यायच्या, भांडणं मिटवायची, आणि हे सगळं नोकरी-संसार सांभाळून.

तरीही डडलीचा धडा स्पष्ट आहे. ‘लोकसहभाग’ हा शब्द आता प्रत्येक पुनर्विकासाच्या माहितीपत्रकात असतो. तो खरा आहे का, हे तपासायला दोन प्रश्न पुरतात. मंडळात रहिवाशांच्या खुर्च्या किती? आणि शेवटी जमीन कोणाच्या नावावर राहणार? पुढच्या वेळी तुमच्या वस्तीत नकाशा घेऊन कोणी आलं, तर नकाशा बघण्याआधी हे दोन प्रश्न विचारा.