खेळायचे नाही, खेळावर बोलायचे आहे!

बारावीचा निकाल लागला की आपल्या मराठी घरांतून ठरलेल्या चर्चा सुरू होतात. इंजिनिअरिंग की कॉमर्स, इंदूरलाच राहायचे की पुण्याला जायचे, आत्याकडे सोय होईल का, वगैरे. अलीकडे या चर्चेत एक नवे उत्तर ऐकू येऊ लागले आहे : "मला स्पोर्ट्स मीडिया शिकायचे आहे." आजोबा चष्मा पुसत विचारतात, "म्हणजे मॅच बघायची डिग्री?" सगळे हसतात आणि विषय तिथेच बारगळतो. पण तो बारगळू देऊ नये असे वाटते, म्हणून हा लेख.

पहिली गोष्ट म्हणजे, हे क्षेत्र आपल्याला परके नाही. सी. के. नायडू यांच्या होळकर संघाचा दबदबा पाहिलेल्या इंदूरने खेळाइतकेच खेळावर बोलणारे आणि लिहिणारेही दिले. हिंदी समालोचनाला घराघरांत पोहोचवणारे सुशील दोशी इंदूरचेच. त्यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली, आणि होळकर स्टेडियममधल्या समालोचन कक्षाला त्यांचे नाव आहे. इथल्या 'नई दुनिया'त घडलेले संपादक प्रभाष जोशी राजकारणाइतक्याच ओढीने क्रिकेटवर लिहीत. हैदराबादच्या मराठी प्राध्यापक दांपत्याचा मुलगा हर्षा भोगले केमिकल इंजिनिअर झाला, अहमदाबादच्या आयआयएममध्ये शिकला आणि तरीही माइकपाशीच स्थिरावला. त्याची सुरुवात झाली होती आकाशवाणीच्या हैदराबाद केंद्रावर, वयाच्या विशीच्या आत. इकडे महाराष्ट्रात बाळ ज. पंडित यांनी रेडिओवरून मराठी समालोचनाची गोडी लावली, तर वि. वि. करमरकर यांनी 'महाराष्ट्र टाइम्स'मधून मराठी दैनिकातल्या क्रीडा पानाला प्रतिष्ठा मिळवून दिली.

या मंडळींच्या काळी याचे शिक्षण देणारे वर्ग नव्हते. जो तो करता करता शिकला. मग आता पदवी कशाला? कारण कामाचा आवाका बदलला आहे. आयपीएलच्या २०२३ ते २०२७ या पाच वर्षांच्या प्रसारण हक्कांसाठी ४८,३९० कोटी रुपये मोजले गेले. २०२३ मध्ये मोबाइलवर हे सामने बारा भाषांतून ऐकता येत होते, त्यांत मराठीही होती. कबड्डीची लीग २०१४ पासून सुरू आहे, खो-खोची २०२२ मध्ये आली. एका सामन्यामागे आता बातमीदार आणि समालोचक तर असतातच. शिवाय आकडेवारी पाहणारे, कॅमेरा आणि संकलन सांभाळणारे, संघाची प्रसिद्धी पाहणारे, समाजमाध्यमांवर मिनिटागणिक मजकूर टाकणारे, हक्कांचे करार वाचणारे असे कितीतरी लोक राबत असतात.

विद्यापीठात शिकवले जाते ते यांतलेच. ढोबळमानाने त्याचे तीन भाग पडतात. पहिला, पत्रकारिता : बातमी कशी मिळवायची, कशी तपासायची, मुलाखत कशी घ्यायची. दुसरा, निर्मिती : ध्वनी, चित्रण, संकलन, थेट प्रसारण. तिसरा, जनसंपर्क : संघ, संघटना किंवा खेळाडूच्या वतीने लोकांशी बोलणे. जोडीला माध्यम कायदा, संख्याशास्त्राची तोंडओळख, खेळाचा इतिहास आणि नीतिमत्ता. हा शेवटचा विषय पुस्तकी वाटतो, पण तसा नाही. २०२१ च्या फ्रेंच ओपनमध्ये नाओमी ओसाकाने मनःस्वास्थ्याचे कारण देऊन पत्रकार परिषदांना जायचे नाकारले. तिला १५,००० डॉलर दंड झाला आणि शेवटी तिने स्पर्धाच सोडली. पत्रकाराचा प्रश्न विचारण्याचा हक्क कुठे संपतो आणि हरलेल्या खेळाडूचा गप्प राहण्याचा हक्क कुठे सुरू होतो? अशा प्रश्नांवर वर्गात वाद घालून जो बाहेर पडतो, तो उद्या मैदानाच्या कडेला जरा जपून माइक पुढे करतो.

आपल्याकडे खास याच विषयाची पदवी अजून मोजक्याच ठिकाणी आहे. त्यामुळे रूढ मार्ग असा, की आधी पत्रकारितेची पदवी घ्यायची आणि मग खेळात विशेष काम करायचे. इंदूरच्या देवी अहिल्या विद्यापीठात पत्रकारिता विभाग आहे. भोपाळला माखनलाल चतुर्वेदी विद्यापीठ आहे. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आहे. ग्वाल्हेरकरांच्या तर दारातच १९५७ पासूनची लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्था आहे. खेळाचे शास्त्र जाणणारी माणसे भेटायला तिच्यासारखी जागा नाही. प्रवेश घेण्यापूर्वी अभ्यासक्रमाच्या चकचकीत पुस्तिकेपेक्षा तीन गोष्टी विचाराव्यात : शिकवणाऱ्यांपैकी किती जणांनी प्रत्यक्ष वृत्तपत्रात किंवा प्रसारणात काम केले आहे? मुलांना स्टुडिओ आणि कॅमेरा खरोखर हाताळायला मिळतो का? मागच्या दोन वर्षांतली मुले आज नेमकी कुठे काम करत आहेत? खासगी संस्थेची फी भरताना तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर गुळमुळीत आले, तर तिथूनच परत फिरावे.

आईवडिलांनी आणखी एक गोष्ट समजून घ्यायला हवी. या क्षेत्रात झगमगाट वरच्या थरात आहे. सुरुवातीला मानधन थोडे, कामाच्या वेळा रात्रीच्या आणि सणवार कार्यालयात. आज काही ठिकाणी सामना दाखवणारा आणि सामना भरवणारा एकाच बाजूला उभा असतो, तेव्हा टीका करणाऱ्याची जागा आक्रसते. हर्षा भोगले यांच्यासारख्या नामवंताचेही नाव २०१६ च्या आयपीएलच्या तोंडावर समालोचकांच्या यादीतून वगळले गेले होते. नंतर ते परतले, पण नवख्या मुलाला ही कल्पना आधीच असलेली बरी. बातमी आणि जाहिरात यांतला फरक ज्याला कळतो, त्याने संघाची प्रसिद्धी करायलाही हरकत नाही. आपण कोणते काम करतो आहोत, हे त्याला ठाऊक असले म्हणजे झाले.

मग इतके सारे असताना या वाटेला जावेच का? त्याचे उत्तर खाशाबा जाधवांच्या कथेत आहे. गोळेश्वरच्या या मल्लाने १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला, पण त्यांच्या निधनानंतर, सोळा-सतरा वर्षांनी. मुरलीकांत पेटकरांनी १९७२ च्या पॅरालिंपिकमध्ये जलतरणात सुवर्ण जिंकले आणि त्यांना पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये. पराक्रम झाला होता, पण तो वेळेवर आणि पुन्हा पुन्हा सांगणारे कमी पडले. २०२४ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला नेमबाजीत कांस्य जिंकले, तेव्हा त्याचे गाव, घर, वडिलांची शिक्षकी एका दिवसात देशभर पोहोचली. ही काही लहान गोष्ट नव्हे.

आणि इथेच आपल्या मुलांचे पारडे जड आहे. घरात मराठी, रस्त्यावर हिंदी, शाळेत इंग्रजी. बेळगावात कन्नड, बडोद्यात गुजराती, हैदराबादेत तेलुगू. छोट्या गावातून आलेली एखादी खेळाडू कॅमेऱ्यासमोर इंग्रजी प्रश्नाला दोन शब्दांत उत्तर देते, तीच तिच्या बोलीत विचारले की मोकळी होते. तीन-चार भाषांत सहज वावरणारे मूल ही आपल्यासारख्या सीमेवरच्या आणि बाहेरच्या मराठी घरांची कमाई आहे. तिला इथे खरोखर किंमत आहे.

तेव्हा तुमच्या घरातले कोणी असे काही म्हणाले, तर हसू नका आणि लगेच होही म्हणू नका. त्याला या सुट्टीत जवळच्या मैदानावरचे शालेय कबड्डीचे किंवा खो-खोचे दहा सामने बघायला सांगा. प्रत्येकाची तीनशे शब्दांची बातमी, दोन्ही प्रशिक्षकांशी बोलून, नावे आणि गुण तपासून, त्याच रात्री. सहाव्या सामन्यानंतर कंटाळा आला तर प्रश्न मिटला. दहाव्यानंतर तो अकराव्याची वेळ विचारू लागला, तर प्रवेशाचा अर्ज आणायला हरकत नाही. आणि त्या दहा बातम्या फेकू नका. त्या मैदानावरच्या मुलांबद्दल बहुधा दुसऱ्या कोणीच काही लिहिलेले नसेल.