अल्पखर्चिक शस्त्र व काडतुसांची निवड : चंद्रपूर-गडचिरोली वनप्रदेशाच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :
चंद्रपूर आणि १९८२ साली त्यातून वेगळा झालेला गडचिरोली हे दोन्ही जिल्हे महाराष्ट्रातील प्रमुख वनजिल्हे होत. येथील धानाच्या बांधीत रानडुकरांचा उपद्रव, वाघ-बिबट्यांची भीती आणि नक्षलवादाचा दीर्घ इतिहास यांमुळे शस्त्रपरवान्याचा प्रश्न केवळ हौसेचा राहत नाही. ‘परवडणारे रिव्हॉल्व्हर कोणते?’ या साध्या वाटणाऱ्या प्रश्नात कायदा, काडतुसांचे अर्थकारण आणि शस्त्राची खरी उपयुक्तता हे तीन घटक गुंतलेले आहेत. प्रस्तुत लेखात त्यांचा क्रमाने विचार करण्यात आला आहे.

१) बोअर आणि कायदा :
भारतात बोअरची निवड बाजारापेक्षा कायदा ठरवितो. .३८० व .४५५ बोअरची तसेच ९ मि.मी.ची सैनिकी काडतुसे ज्यांत चालू शकतात, अशी पिस्तुले व रिव्हॉल्व्हर प्रतिबंधित गटात मोडतात. त्यामुळे सर्वसामान्य परवानाधारकासमोर मुख्यतः .३२ आणि .२२ हे दोनच पर्याय उरतात. १९८० च्या दशकापासून परदेशी शस्त्रांच्या आयातीवर कठोर निर्बंध आल्याने पुरवठा दीर्घकाळ शासकीय आयुध निर्माणींपुरताच मर्यादित राहिला. स्पर्धेच्या अभावी किमती चढ्या राहिल्या. कानपूर येथे २०१४ साली तयार झालेल्या ‘निर्भीक’ या .३२ बोअरच्या, सुमारे ५०० ग्रॅम वजनाच्या रिव्हॉल्व्हरची किंमत सुमारे १ लाख २२ हजार रुपये होती. शस्त्र नियम, २०१६ नंतर खासगी उत्पादकांना वाव मिळाला, तरी या शस्त्रांना ‘स्वस्त’ म्हणता येणार नाही.

२) काडतुसाचा खर्च :
शस्त्र एकदाच विकत घ्यावे लागते. काडतुसे मात्र वारंवार घ्यावी लागतात. म्हणून शस्त्राच्या किमतीइतकाच काडतुसाच्या किमतीचा विचार आवश्यक ठरतो. .२२ च्या काडतुसात स्फोटक मिश्रण तळाच्या कडेतच भरलेले असते. त्याला स्वतंत्र टोपी लागत नाही, पितळी नळी पातळ असते आणि शिशाची गोळी जेमतेम अडीच ग्रॅमची असते. धातू, दारू व घडणावळ कमी लागत असल्याने ते स्वस्त पडते. .३२ च्या काडतुसात तळाच्या मध्यभागी वेगळी टोपी, जाड नळी आणि सहा ग्रॅमहून अधिक वजनाची गोळी असते. साहजिकच ते महाग पडते. .३२ चे तसेच बारा बोअरचे काडतूस पुण्याजवळील खडकीच्या दारूगोळा कारखान्यातही बनते.

येथे सरावाचा मुद्दा महत्त्वाचा आहे. सरावाशिवाय बाळगलेले शस्त्र मालकालाच धोकादायक ठरते, आणि काडतूस महाग असेल तर सराव होत नाही. शिवाय एका वेळी किती काडतुसे जवळ ठेवता येतील व वर्षभरात किती घेता येतील, याची मर्यादा परवान्यावर नमूद असते. क्रीडा नेमबाजीत .२२ चे स्थान याच कारणाने पक्के आहे. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात मिळविलेले सुवर्णपदक याच बोअरचे होय. नवशिक्यास तर ४.५ मि.मी.च्या एअर पिस्तुलाचा सराव त्याहूनही स्वस्त पडतो.

३) वनप्रदेशातील वास्तव :
पीकसंरक्षणासाठी मात्र रिव्हॉल्व्हर हे साधनच नव्हे. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम १३ मध्ये पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या, म्हणजेच स्थानिक बोलीतील ‘भरमार’ बंदुकीचा स्पष्ट उल्लेख आहे. ती अपुरी पडत असल्याची परवाना अधिकाऱ्याची खात्री पटल्यास गुळगुळीत नळीची अन्य बंदूक देता येते. भरमारीत दारू, बुच व छर्रे तोंडाकडून ठासले जातात; तयार काडतूस लागत नाही. म्हणून ती सर्वांत अल्पखर्चिक ठरते. एका बारानंतर ती पुन्हा भरण्यास वेळ लागतो, हा तिचा दोष आहे. उलटपक्षी .२२ वा .३२ च्या गोळीने रानडुक्कर बहुधा केवळ जखमी होते, आणि जखमी डुक्कर अधिक घातक असते.

परवाना मिळाला म्हणजे शिकारीचा अधिकार मिळाला, असेही नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ११ नुसार उभ्या पिकास धोकादायक ठरलेल्या प्राण्याबाबतही सक्षम अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. याच अधिनियमाच्या कलम ३४ नुसार अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत नवीन शस्त्रपरवाना देण्यापूर्वी मुख्य वन्यजीव रक्षकांची सहमती आवश्यक आहे. २०२२ च्या दुरुस्तीने परवान्याच्या नूतनीकरणाची सूचना देणेही बंधनकारक झाले. अंधारी, चपराळा, भामरागड यांसारख्या अभयारण्यांलगतच्या गावांना ही तरतूद थेट लागू पडते.

गडचिरोलीत आणखी एक धोका संभवतो. नक्षलवाद्यांकडून जप्त झालेल्या शस्त्रांत भरमार बंदुका वारंवार आढळल्या आहेत. एकाकी घरातील शस्त्र संरक्षण देण्याऐवजी संकटास निमंत्रण देऊ शकते. तेंदूपत्ता वा मोहफुले वेचणाऱ्या मजुरावर वाघ मागून, क्षणार्धात झडप घालतो. तेथे कमरेचे पिस्तूल निरुपयोगी ठरते. समूहाने जाणे आणि वनविभागाची सूचना पाळणे हाच तेथील खरा उपाय होय.

४) निवडीचे निकष :
प्रथम प्रयोजन निश्चित करावे. नेमबाजीसाठी .२२, जिल्हादंडाधिकाऱ्यांस पटेल असा वैयक्तिक धोका असल्यास .३२ आणि पिकासाठी गुळगुळीत नळीची बंदूक, असा क्रम ढोबळमानाने मांडता येतो. त्यानंतर शस्त्र, वर्षभराची काडतुसे, प्रशिक्षण, कुलूपबंद पेटी व नूतनीकरण यांचा एकत्रित खर्च पाहावा. २०१६ च्या नियमांत सुरक्षित हाताळणीचे प्रशिक्षण व सुरक्षित साठवण यांवर भर आहे. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस कमाल दोनच शस्त्रे ठेवण्याची मुभा ठेवली आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे केली. त्यामुळे घाईने घेतलेले चुकीचे शस्त्र दोनपैकी एक जागा अडवून बसते.

निष्कर्ष :
स्वस्त शस्त्र म्हणजे कमी किमतीचे शस्त्र नव्हे; प्रयोजनास अनुरूप असलेले आणि नियमित सराव परवडेल असे शस्त्र होय. चंद्रपूर-गडचिरोलीच्या शेतकऱ्याचा प्रश्न मात्र बहुतांशी शस्त्राने सुटणारा नाही. कुंपण, सामूहिक राखण आणि वेळेवर मिळणारी नुकसानभरपाई यांची जागा कोणतेही बोअर घेऊ शकत नाही, हे या विवेचनातून स्पष्ट होते.