फेरफारात सापडणारं घराणं

‘खातेदार मयत. वारस मुलगे दोन, दोघे सज्ञान. मुलगी एक, लग्न होऊन सासरी नांदते. विधवा हयात. जबाब घेतले, हरकत नाही.’ गावोगावच्या फेरफार वह्यांत अशा धाटणीच्या नोंदी पानोपानी भरलेल्या आहेत. त्या लिहिणाऱ्या तलाठ्याला कुणाच्या कुळाशी घेणं नव्हतं. पुढच्या वर्षीचा सारा कुणाकडून घ्यायचा, एवढंच त्याला ठरवायचं होतं. पण ते ठरवताना त्यानं एका घराच्या दोन पिढ्या चार ओळींत नोंदवून ठेवल्या.

आपल्या पणजोबांच्या मागे कोण होतं, हे शोधायला निघालेला माणूस बहुधा छापील कुलवृत्तांत, पंढरपूर-त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वह्या किंवा वंशावळी राखणाऱ्या हेळव्यांची पोथी यांच्याकडे वळतो. ही साधनं मोलाची आहेत, पण सगळ्या घरांना ती लाभलेली नाहीत. जमिनीचा कागद मात्र अर्ध्या एकराच्या धन्याचाही निघतो. तो वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवायची. घर सुरळीत चाललं होतं तेव्हा महसूल खात्याला त्याची दखल घ्यायचं कारण नव्हतं. कुणी मेलं, वाटणी झाली, कर्ज काढलं, तंटा झाला, की लगेच कागद तयार झाला. म्हणून घराण्याचा इतिहास सातबाऱ्यात कमी आणि फेरफारात जास्त असतो.

आजच्या उताऱ्यापासून मागे

सुरुवात गाव आणि गट नंबर यांपासून करावी. दोन्ही ठाऊक नसतील तर भावकीतल्या कुणाचा आठ-अ मिळवावा. एका खातेदाराच्या नावावर गावात कुठंकुठं जमीन आहे ते त्यावर एकत्र दिसतं. मग सातबारा. गाव नमुना सात हा हक्काचा आणि बारा हा पिकांचा. सातवर नावांच्या आसपास फेरफारांचे नंबर असतात. जुन्या हस्तलिखित उताऱ्यांवर कमी झालेल्या नावांना कंस केलेले असतात. ते नंबर टिपून घ्यायचे आणि गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवहीत, एकेक नोंद काढायची. प्रत्येक नोंदीत तिच्या आधीच्या मालकाचं नाव मिळतं. असं एकेक पाऊल मागे जाता येतं.

मुंबई इलाख्यात ही हक्कनोंद १९०३ च्या कायद्यानं आली, त्यामुळे पश्चिम महाराष्ट्रात चार-पाच पिढ्यांपर्यंत मागे जाणं अवघड नसतं. वाटेत एक अडसर हमखास येतो. १९४७ च्या तुकडेबंदी-एकत्रीकरण कायद्यानंतर अनेक गावांत सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. आजच्या गटात जुने कोणते नंबर गेले, ते एकत्रीकरणाच्या उताऱ्यावरून जुळवावं लागतं. ही पायरी चुकली की माणूस शेजारच्याच घराण्याची वंशावळ आपली म्हणून लिहून बसतो.

जुने सातबारे, फेरफार आणि त्याआधीची कडईपत्रकं तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात अर्ज करून मिळतात. मोजणीचे नकाशे आणि आकारबंद भूमी अभिलेख कार्यालयात असतात. अनेक तालुक्यांचे कागद स्कॅन होऊन शासनाच्या ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावर फी भरून घरबसल्या पाहता येतात. जुनी खरेदीखतं, गहाणखतं दुय्यम निबंधकाकडे.

नोंद कशी वाचावी

फेरफाराची भाषा तुटक असते, पण तिच्यात अक्षर वाया जात नाही. नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ असेल तर तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. त्याच्यामागे नाव न आलेले भाऊ आहेत हे समजून पुढं शोधायचं. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञानाचा पालनकर्ता. बाप लवकर गेला, मुलगा लहान होता, आणि पालनकर्ती म्हणून आईचं नाव लागलं. एवढी कथा त्या तीन अक्षरांत असते. त्या मुलाचं नाव सज्ञान म्हणून कधी लागलं, हे पुढच्या नोंदीत दिसलं की जन्मवर्षाचा अंदाजही बांधता येतो.

जुन्या कागदांत आडनाव पुष्कळदा नसतं. ‘राणू बिन येसू’ म्हणजे येसूचा मुलगा राणू. विदर्भ-मराठवाड्यात ‘बिन’च्या जागी ‘वल्द’ दिसेल. बायकांच्या नावापुढे ‘कोम’ किंवा ‘भ्रतार’ आलं की पुढचं नाव नवऱ्याचं. विदर्भात ‘जौजे’, आणि विधवा असेल तर ‘बेवा’. एकाच गावात राणू बिन येसू दोन असू शकतात, कारण आजोबांचं नाव नातवाला ठेवायची चाल होती. तेव्हा नावावर विसंबू नये, नंबरावर विसंबावं. जमीन तीच असेल तर माणूस तोच असण्याचा संभव मोठा.

‘इतर हक्क’ या रकान्याकडे घाईत दुर्लक्ष होतं. तगाईचा, म्हणजे सरकारी शेतीकर्जाचा, बोजा विहिरीसाठी चढला असेल तर मळ्यातली विहीर कोणत्या साली पाडली ते कळतं. गहाण, मुदत खरेदी, सोसायटीचं कर्ज यांच्या तारखा शेजारी मांडल्या की घर कधी अडचणीत आलं आणि कधी सावरलं, याचा आलेख तयार होतो. एखाद्या दुष्काळी सालानंतर घरातले दोघे मुंबईच्या गिरणीत गेल्याचं आजी सांगत असेल, तर त्याच सुमारास गहाणाची नोंद आहे का हे तपासावं. सांगीवांगीची गोष्ट आणि कागद जुळले की दोन्हींचं वजन वाढतं.

वाटण्यांचा वेगही कागदांतच मोजता येतो. कृषिशास्त्रज्ञ डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर गावाचे जमिनीचे कागद लावून १९१७ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. १७७१ मध्ये सरासरी ४० एकरांचं असलेलं खातं १९१४-१५ पर्यंत ७ एकरांवर आल्याचं त्यांनी दाखवलं. आज तिथं इमारती उभ्या आहेत. ‘पूर्वी आमचं फार मोठं होतं’ असं प्रत्येक घरात म्हणतात. ते खरं किती, हे अशाच पद्धतीनं ठरवता येतं.

हक्कनोंदीच्याही आधी

१९०३ च्या मागे गेलं की इंग्रजांची मोजणी लागते. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५ च्या पुढं इंदापुरात सुरू केलेल्या पद्धतीनं शेताला नंबर, हद्दीला दगड आणि आकाराला ३० वर्षांची मुदत मिळाली. या मोजणीच्या कागदांत गावातल्या प्रत्येक नंबराचा खातेदार सापडतो.

त्याच काळात इनामांची चौकशी झाली, आणि वंशावळ शोधणाऱ्यासाठी हे दालन सर्वांत समृद्ध आहे. १८५२ च्या कायद्यानं इनाम कमिशनला अधिकार मिळाले. ज्याला आपलं इनाम टिकवायचं होतं, त्याला ते मूळ कुणाला, कुणाकडून मिळालं आणि आपण त्याचे कोण, हे दाखवावं लागे. कैफियतीबरोबर वंशावळ यायची. देवस्थानाचा गुरव, मशिदीचा मुजावर, गावचा जोशी, पाटील, देशमुख अशा अनेक घरांच्या पिढ्या या दाव्यांत नोंदल्या गेल्या. मात्र वंशावळ सादर करणाऱ्याला जमीन हवी होती, हे विसरू नये. दावा मजबूत करण्यासाठी एखादी शाखा गाळणं किंवा मूळपुरुष आणखी जुन्या काळात नेणं हा मोह तेव्हाही होता.

पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे हजारो रुमाल बांधून ठेवलेले आहेत. त्यात वतनाचे महजर आणि निवाडे आहेत, तसे गावांचे थळझाडेही. थळ म्हणजे मूळ मिरासदार कुळाच्या नावानं ओळखला जाणारा जमिनीचा भाग. ते कूळ परागंदा झालं किंवा बुडालं तरी थळाचं नाव राही आणि पुढे ‘गतकुळ’ असा शेरा पडे. आपलं घराणं गावात थळकरी होतं की बाहेरून आलेलं उपरी, हे इथं उलगडू शकतं.

यासाठी मोडी यावी लागते किंवा जाणकाराची मदत घ्यावी लागते. कुणबी नोंदींच्या शोधासाठी २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेल्यापासून मोडी वाचकांना मागणी वाढली आहे. कालगणनेचा हिशोबही हाताशी हवा. शके असेल तर ७८ मिळवावेत, हैदराबादी फसली असेल तर ५९०. पेशवाईतलं शुहूर सन अरबी अंकनामांनी लिहीत. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, ११६१. त्यात ५९९ मिळवले की १७६०. हे वर्ष मृगाला सुरू होई, त्यामुळे जानेवारी १७६१ मधलं पानिपतही त्याच सनात पडतं.

प्रदेश बदलला की दफ्तर बदलतं. मराठवाड्यात निजामाच्या काळातले कागद उर्दूत आहेत. तिथं १९५४ चं खासरा पत्रक हा भक्कम टप्पा. नागपूरकडे मालगुजारी १९५१ मध्ये संपली. त्यामागे बंदोबस्ताच्या मिसली पाहाव्यात. कोकणात कुळाचं नाव खोताच्या आड दडलेलं असतं. गोव्यात कोमुनिदादीच्या वह्यांत गावकार वांगडवार मिळतात, पण वाचायला पोर्तुगीज लागते.

वहीत नसलेली माणसं

ज्याच्याकडे जमीन नव्हती तो या दफ्तरात कुठं? काही ठिकाणी तो सापडतो. नमुना बारावर कसणाऱ्याचं नाव आणि रीत लिहिलेली असे. १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनानंतर, म्हणजे कुळांना मालक मानलं गेल्यावर, कुळकायद्याच्या कलम ३२-ग खाली चौकशा झाल्या. त्या प्रकरणांच्या फायलींत ‘आम्ही आजोबांपासून ही जमीन कसतो’ अशा आशयाचे कुळांचे जबाब असतात. खातेदाराच्या घराण्याला सहसा न मिळणारा प्रत्यक्ष बोलण्याचा कागद तिथं कुळाच्या घराण्याला मिळू शकतो.

महार वतनाच्या जमिनी इनाम वर्ग ‘६ ब’ म्हणून नोंदलेल्या आढळतात. वतन साऱ्या भावकीचं, म्हणून एकाच नोंदीत अनेक घरं एकत्र दिसतात. राबवून घेण्याचं साधन झालेल्या या वतनाच्या कायद्यात बदल करण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक मांडलं होतं. वतनं प्रत्यक्षात गेली ती १९५८ च्या कायद्यानं. ज्यांना वतनही नव्हतं, त्यांच्यासाठी जन्म-मृत्यूचा गाव नमुना १४, विदर्भात कोतवाल बुक आणि गावातल्या शाळेचं जनरल रजिस्टर हे मार्ग उरतात.

आणि लेकी. भिंतीवर टांगलेल्या बहुतेक वंशवृक्षांत त्यांची फांदी नसते. फेरफारात ती असते, पण चमत्कारिक रीतीनं. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतर बापामागे मुलींची नावं वारस म्हणून लागू लागली: सासरचं आडनाव, सासरचं गाव, कधी वयही. मग दोन-चार पानांनंतर हक्कसोडपत्राची नोंद येते आणि नावांना कंस पडतो. आत्या, आजीच्या बहिणी कुठं दिल्या होत्या हे घरात कुणाला आठवत नसतं, तेव्हा त्यांना बाजूला काढणारा तोच कागद त्यांचा पत्ता सांगतो. वारसा प्रकरणांची नोंदवही, नमुना ६-क, हातात आली तर आधी हे रकाने उतरून घ्यावेत.

एवढं जमवल्यावर दोन पथ्यं पाळावीत. प्रत्येक नावापुढे गाव, नंबर आणि फेरफार क्रमांक लिहावा, म्हणजे पुढच्या माणसाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार नाही. दुसरं, या कागदांवरून आजच्या मालकीचा वाद उकरायचा असेल तर ते काम वकिलाकडे सोपवावं आणि दोन्ही शोधांची गल्लत करू नये. जमिनीच्या वाटणीत ज्यांचं नाव कमी झालं, त्यांना वंशावळीत जागा देण्यासाठी कुणाचीही हरकत मागवावी लागत नाही. वंशावळ नव्यानं मांडणार असाल, तर पहिल्यांदा कंसातली नावं भरा.